हाताजोगी गिटार

मुरारी सावळाराम भालेकराच्या डाव्या हाताला त्या शुक्रवारपासून काय झालं होतं, देव जाणे. हात म्हणून जाग्यावर ठरेना. लेथच्या दांड्यावर बोटं नाचायची, सायकलच्या हँडलवर नाचायची, जेवायला बसला की भाकरीवर नाचायची. शेवटी त्याची आई ठकुबाई वैतागली.

"आरं, भाकरी हाय का डफ? खातोस का उचलू ताट?"

खाल्ली त्यानं, पण चव कुणाला कळतेय! जीव सगळा येत्या सोमवारात अडकलेला.

आता तळवड्याच्या शेतकऱ्याच्या पोराला गिटारीचं खूळ लागलं कुठनं, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय!

साल सत्तावन्न. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते आणि आसपासच्या गावांतली तरणी पोरं नांगर सोडून शिफ्ट धरत होती. मुरारी सव्वीस वर्षांचा, अशाच एका कारखान्यात टर्नर. लोखंडाच्या कामात हात चांगला, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक. त्याच शॉपमध्ये कायतान मास्तर म्हणून एक वेल्डर होता, साठीला टेकलेला, मूळचा गोव्याकडचा. तरुणपणी पुण्याच्या कॅम्पात हॉटेलच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. एके दिवशी त्याच्या गिटारीच्या खुंटीचं पितळी चाक झिजलं. नखाएवढं ते चाक घेऊन मास्तर मुरारीकडे आला. मुरारीनं जेवणाच्या सुट्टीत नवं चाक कातून दिलं आणि संध्याकाळी ते बसवायला म्हणून मास्तरच्या क्वार्टरवर गेला. मास्तरनं तारा जुळवल्या, गिटार मांडीवर घेतली आणि काहीतरी संथसं वाजवलं.

आमचा मुरारी जो उंबऱ्यात बसला, तो बसलाच! आठ तास लेथची किरकिर ऐकून त्याचे कान किटलेले असायचे. ती किरकिर त्याच्याबरोबर घरी यायची, जेवायला बसायची, उशाशी झोपायची. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा गेली. एवढी चांगली सायकल असून गडी तळवड्यापर्यंत ती हातात धरून चालत आला. पायडल मारलं तर कानातलं सांडेल अशी भीती वाटत होती.

मग दोन महिने रोज शिफ्ट सुटली की मास्तरचं दार. मास्तरच्याच गिटारीवर त्यानं तीन छोटे धडे बसवले. बसवले म्हणजे काय, ठेचकाळत, धडपडत. पण कारखान्यात विचाराल तर? "राव, आपला हात बसला आता," असं तो बबनराव फिटरला सांगूनसुद्धा मोकळा झाला होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

आणि त्या शुक्रवारी मास्तरनं गिटार खोक्यात ठेवली, खोक्याला कडी लावली आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या चपला घालून किती दिवस चालशील? नाताळ झाला की मी रिटायर होतो. माहीमला लेकीकडं जाणार. मध्ये आठ महिने आहेत. रोज शिकवीन, पैसा घेणार नाही. पण सोमवारी स्वतःची गिटार घेऊन यायचं."

"कोणती घेऊ मास्तर?"

"ते मला विचारायचं नाही. तू काय उचलून आणतोस ते बघूनच मी ठरवीन, तुझ्यावर आठ महिने घालवायचे की नाही."

"आणि चुकीची आणली तर?"

"तर चहा देईन. चहा प्यायचा आणि घरी जायचं."

म्हातारा हसला नाही. तेव्हापासून मुरारीचं चित्त उडालं होतं. मास्तर गेला की या सगळ्या पट्ट्यात गिटार शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या जन्मात ही एकच फट उघडली होती, आणि तिच्यातून आत शिरायला फक्त एक रविवार हातात होता. बबनरावला त्यानं ही गोष्ट अर्धीच सांगितली. बबनराव म्हणाला, "घ्यायची तर मास्तराच्या तोडीची घे, राव. बघूनच म्हातारा गार पडला पाहिजे." मुरारीला ते एकदम पटलं. पटणारच की, त्याच्या मनातलंच होतं ते.

रविवारी सकाळी देहूरोड स्टेशनवर येऊन बघतो, तर बाकावर त्याचा बाप बसलेला.

तांबडा पटका, धुवट धोतर, खांद्यावर उपरणं, हातात चाबकाची काठी. सावळाराम भालेकर चाकणच्या बैलबाजाराला जाताना जसा निघायचा, तसाच निघाला होता. एक पाय लांब सोडून बसला होता, कारण तो पाय घोट्यात वळत नव्हता.

"आबा, तुमी हितं?"

"तुजी आई म्हनली, पोरगं कायतरी जिवापाड आवडलेलं घ्यायला चाललंय पुण्याला. म्हनलं, येतो संगं."

सावळारामाची ख्याती मोठी होती. चाळीस वर्षं चाकणच्या बाजारात लोक त्याला बैल पारखायला सोबत न्यायचे. जनावराच्या पाठीवरनं हात फिरवला की त्याला खोड कळायची. आणि खोटं बोलायचा नाही. सावळारामानं सांगितलेली खोड म्हणजे खोड, नाही म्हणाला तर नाही. त्याच्या भागात कुणीही जनावर घ्यायला एकटं जायचं नाही. दुसऱ्या गावचा माणूससुद्धा आधी त्याच्या अंगणात यायचा. मग पोटचा पोरगा काही मोलाचं घ्यायला निघाला आणि बाप घरी बसला, हे त्याच्या बुद्धीत बसणार कसं?

मुरारीला मात्र पुढचं दिसायला लागलं. कॅम्पातल्या साहेबी दुकानात हा पटका, ही काठी! पण बापाला परत जा म्हणायची छाती नव्हती. त्याला कारण होता तो पाय.

आठ वर्षांपूर्वी मुरारी अठरा वर्षांचा असताना चाकणच्या बाजारात त्याला एक खोंड आवडला होता. पांढराशुभ्र, तापट, मान अशी की बघत राहावं. गाडा शर्यतीत पळवायचा म्हणून मुरारी हटून बसला. सावळारामानं खोंडाला हात लावून पाहिला आणि एवढंच म्हणाला, "जनावर चोख हाय. पन तुज्या हाताचं न्हाई." मुरारीनं ऐकलं नाही. महिनाभरात तो खोंड बिथरला, मुरारीच्या हातून कासरा सुटला, आणि बाप आडवा पळाला तेव्हा चाक त्याच्या घोट्यावरनं गेलं. त्याबद्दल सावळाराम मुलाला एका शब्दानं बोलला नाही.

बोलला ते बाजारात. खोंड विकायला नेला तेव्हा गिऱ्हाइकानं विचारलं, "का काढताय? खोड काय?" आणि सावळारामानं चारचौघांत सांगितलं, "खोड जनावरात न्हाई. आमचा गाडीवान कच्चा."

सगळा बाजार मुरारीकडे वळून हसला. त्या दिवसापासून मुरारीनं चाकणच्या बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. बैलाच्या अंगाला हात लावला नव्हता. पिंपरीला भरती निघाली तेव्हा पहिल्या रांगेत हा उभा होता.

तर असे ते दोघे बापलेक गाडीत समोरासमोर बसून, खिडकीबाहेर बघत, पुण्याला गेले. सबंध वाटेत मुरारीची बोटं गुडघ्यावर नाचत होती आणि बाप ती बघत होता.

कॅम्पातल्या एका बोळात पारशी शेठजींचं वाद्यांचं दुकान होतं. रविवारी दुपारपर्यंतच उघडं. आत पॉलिशचा वास, भिंतीवर ओळीनं व्हायोलिनी, आणि गल्ल्यामागं पाटी: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' शेठजी चष्मा पुसत पुढं आले. मुरारीनं कारखान्यात शिकलेली साफ भाषा काढली.

"मला गिटार हवी आहे. नायलॉनच्या तारांची."

"जरूर. आणि हे कोण? वडील काय?"

सावळाराम दाराशी चपला काढत होता. दुकानात चपला काढून येणारं गिऱ्हाईक शेठजींनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. मुरारीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाही, नाही," तो म्हणून गेला. "आमच्या गावचे आहेत. शेजारी."

बोलला आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द काय परत येतो? सावळारामाचा हात चपलेवर क्षणभर थांबला. मग त्यानं दोन्ही चपला नीट एकाशेजारी एक ठेवल्या आणि आत आला.

"व्हय," तो शेठजींना म्हणाला. "मी शेजारी."

शेठजींनी दोन गिटारी पुढं ठेवल्या. एक काळपट लाल लाकडाची, स्पेनमध्ये घडवलेली. कुणी इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना ठेवून गेला होता. दुसरी गव्हाळ रंगाची, साधी, अंगानं जरा लहान.

"आता बघा दीकरा," शेठजी म्हणाले, "ही मोठी आहे ती मैफलवाल्याची. मान रुंद, तारा लाकडापासून उंच. दाबायला बोटात जोर पाहिजे, पण आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल. ही लहान आहे ती शिकणाराची. मान बारीक, तारा खाली. हाताला तरास नाही. तुम्ही कधीपासून वाजवता?"

"झाली बरीच वर्षं," मुरारी म्हणाला. दोन महिन्यांची बरीच वर्षं!

सावळाराम पुढं सरकला. त्यानं मोठ्या गिटारीच्या पाठीवरनं तळवा फिरवला, मानेपासून खालपर्यंत, सावकाश. बोटाच्या पेरानं कुशीत टकटक केलं, कान लावून ऐकलं. भोकातून आत डोकावला. तारेला बोट लावून म्हणाला, "ही कसली तार? ही तर मासं धरायची दोरी." शेठजी खळखळून हसले. मुरारीला भुई दुभंगावी असं वाटलं.

"बसा सायेब," सावळाराम मुलाला म्हणाला. साहेब! "दोनी वाजवून दाखवा."

मुरारीनं आधी मोठी घेतली. पहिला धडा सुरू केला. तार दाबता दाबेना. दाबली तर बोट सरकलं, आणि जी चूक मास्तरच्या खोलीत कशीबशी लपायची ती इथं दुकानभर झाली. पण मधेच एक सूर नीट लागला आणि बाप रे, काय वाजला तो! भिंतीवरच्या व्हायोलिनी गुणगुणल्या. त्या एका सुरावर मुरारी खुळा झाला. मग लहान घेतली. तिच्यावर तोच धडा बिनबोभाट निघाला. सूर गोड, पण साधे. व्हायोलिनी आपल्या गप्प.

सावळाराम गिटारींकडे बघतच नव्हता. तो बघत होता मुरारीच्या खांद्याकडे. मोठीवर खांदा कानापर्यंत चढला होता आणि श्वास कोंडला होता. लहानीवर खांदा खाली आला आणि पाय आपसूक ठेका धरायला लागला. गाडीवानाचा हात पारखायचा तर कासऱ्याकडे बघायचं नसतं, खांद्याकडे बघायचं असतं. हे त्याला चाळीस वर्षांच्या बाजारानं शिकवलं होतं.

"ती मोठी चोख हाय," तो हळू म्हणाला. "येक खोड न्हाई तिच्यात. पन तुज्या हाताची न्हाई."

तेच शब्द! आठ वर्षांनी तेच, त्याच आवाजात. मुरारीच्या डोक्यात सणक गेली. हातातली लहान गिटार त्यानं गल्ल्यावर ठेवली. शेजाऱ्यानं उगीच मधे बोलू नये असा चेहरा करून तो शेठजींना म्हणाला, "मोठी बांधून द्या."

सावळाराम चपला घालून बाहेर जाऊन उभा राहिला. परत येताना गाडीत खोकं दोघांच्या मधे होतं.

त्या संध्याकाळी मुरारीनं ओसरीवर बसून काय काय केलं ते विचारू नका. बोटं दाबून दाबून टोकांना खड्डे पडले. पहिला धडा लागेना, दुसरा सुरूच होईना. दुकानातला तो एक सूर पुन्हा सापडला नाही. शेजारची शालनबाई कुंपणावरनं विचारून गेली, "कुनी रडतंय का गं ठकुबाई?" गोठ्यात सावळाराम वैरण टाकत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. मुरारी चिडचिडून उठायचा, अंगणात दोन फेऱ्या मारायचा, पुन्हा बसायचा. मास्तर एकदा गिटार बघेल, गार पडेल, मग होईल सगळं नीट, अशी मनाची समजूत काढायचा. पण मन तरी किती दिवस फसणार?

एक दिवस फसलं. सोमवारी शिफ्ट सुटल्यावर मास्तरनं खोकं उघडलं आणि खरंच त्याचा चेहरा उजळला. त्यानं गिटार उचलली, तारा जुळवल्या आणि वाजवायला लागला. मुरारीच्या अंगावर काटा आला. हीच का ती काल ओसरीवर रडत होती? मास्तरनं पुरतं वाजवून झाल्यावर गिटारीवरनं मायेनं हात फिरवला, ती खोक्यात ठेवली आणि स्टोव्ह पेटवला.

"मास्तर?"

"चहा ठेवतोय."

"मास्तर, वाद्य वाईट आहे का?"

"वाईट? अरे, असलं वाद्य मला चाळीस वर्षांत मिळालं नाही. हे माझं वाद्य आहे मुरारी. तू माझं वाद्य घेऊन आलास. तुझं कुठं आहे?" मास्तरनं कप पुढं सरकवला. "ह्याच्यावर शिकायला बसलास तर आठ महिने तारांशी कुस्ती खेळशील. सूर राहतील बाजूला. वर बोटं दुखली की दोष माझ्या शिकवण्याला देशील. बरं, बुधवारपर्यंत थांबतो मी. त्यापुढं नाही. मला हो म्हणायला लाज वाटेल असं काही करू नको."

चहा तसाच ठेवून मुरारी निघाला. घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. बाप गोठ्याच्या दाराशी दावं वळत बसला होता. मुरारी समोर जाऊन उभा राहिला. खोकं त्यानं खाली ठेवलं. शेवटी म्हणाला, "आबा, मास्तरनं चहा दिला."

सावळारामाला त्या चहाचा अर्थ माहीत नव्हता, पण पोराचं तोंड वाचायला कशाला लागतोय अर्थ!

"उद्या जाऊ," तो म्हणाला. "आठ दिसांचा वायदा असतो. खोड निघाली तर जनावर परत."

"आबा, ते दुकान हाय. बाजार न्हाई. तिथं पाटी लावलीय."

"मला कुटं वाचता येतंय!" असं म्हणून सावळाराम पुन्हा दावं वळायला लागला.

मंगळवारी मुरारीनं बबनरावशी शिफ्ट बदलून घेतली आणि सकाळच्या गाडीनं दोघं निघाले. बाप स्टेशनचा पूल चढताना एकेका पायरीला थांबत होता आणि पोरगा खोकं सांभाळत मागं. वाटेत मुरारीच्या मनाचा नुसता चोथा झाला. शेठजी हाकलून देतील. पाटीकडे बोट दाखवतील. आणि बुधवार तर उद्यावर आलेला. बोटं पुन्हा खोक्यावर टकटकायला लागली, तसा सावळारामानं त्याच्या हातावर आपला हात नुसता ठेवला. थोडा वेळ टकटक थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

"अरे, शेजारी आले!" शेठजींनी दारातच ओळखलं. सावळारामानं चपला काढल्या. मुरारीनं खोकं गल्ल्यावर ठेवलं. शेठजींचं हसू मावळलं. त्यांनी पाटीकडे बघितलं, मग या दोघांकडे.

"वाचता येते ना?"

"शेठजी," सावळाराम म्हणाला, "आमच्या चाकणच्या बाजारात आठ दिसांचा वायदा असतो. खोड निघाली तर जनावर परत घ्यावं लागतं. हिला परत घ्या आन् ती ल्हान द्या."

"खोड? माझ्या मालात?" शेठजी ताठ झाले. "साठ वर्षांचं दुकान आहे आमचं. मी स्वतः तपासून दिली. सांगा बघू, काय खोड निघाली?"

मुरारीनं बापाकडे पाहिलं. उपरण्याचं टोक म्हाताऱ्यानं हातात धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. चाळीस वर्षांत ज्यानं भर बाजारात खोटी खोड सांगितली नव्हती, तो माणूस खोटं शोधत होता. आणि ते त्याला जमत नव्हतं.

"तिचा... आवाज बसल्याला हाय," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "मानंला कायतरी..."

तेव्हा मुरारीला एकदम कळलं. बाप त्याला वाचवत होता. आठ वर्षांपूर्वी बाजारात खरं बोलून पोरगा गमावला, म्हणून आज तो खोटं बोलत होता. परवा शेजारी झाला, तेही त्याचसाठी. त्याचं सगळं आयुष्य एका शब्दावर उभं होतं आणि तो शब्द तो इथं, एका परक्या माणसाच्या गल्ल्यावर, मुरारीसाठी मोडायला निघाला होता. मुरारीला लाज वाटली, अशी लाज की बाजार हसला तेव्हाही वाटली नव्हती.

"आबा, गप ऱ्हावा," तो म्हणाला. साफ भाषा कुठल्या कुठं गेली. "शेठजी, खोड जनावरात न्हाई. गाडीवान कच्चा हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे मी. मला वाजवाय येत न्हाई. बरीच वर्षं न्हाई, दोन महिनं झालं फकस्त. तीन धडं येत्यात, ते बी अडखळत. तुमची गिटार सोन्यासारखी हाय. मीच तिच्या जोगा न्हाई अजून." त्यानं बापाकडे हात केला. "आन् दुसरं, हे शेजारी न्हाईत. हे माजं वडील हायेत. सावळाराम भालेकर. चाकणच्या बाजारात कुनालाबी इचारा. परवा मी खोटं बोललो."

शेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सावळाराम भिंतीवरच्या व्हायोलिनींकडे बघत राहिला. मग त्यानं उपरणं खांद्यावरून काढलं, आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात शेठजींपुढं केला.

"हे काय?" शेठजींनी मुरारीला विचारलं.

"हात घाला आत. आमच्याकडं सौदा आसा व्हतो. कापडाखाली, बोटांनी. बाकीच्यांना दिसत न्हाई."

शेठजींनी पाटीकडे शेवटचं एकदा बघितलं, नाक खाजवलं आणि हात उपरण्याखाली घातला. कापड हललं. शेठजी मान हलवायला लागले, नाही नाही म्हणून. कापड पुन्हा हललं. सावळारामाचा चेहरा मख्ख. शेठजींना आधी हसू आलं, मग ते घासाघिशीत रंगले आणि शेवटी म्हणाले, "भारी माणूस आहे हो तुमचा बाप!" त्यांनी हात बाहेर काढला आणि लहान गिटार खाली उतरवली. बांधता बांधता परवाचं आठवून त्यांनी सावळारामाला मस्करीत विचारलं, "मग? वाजवणार कोण? साहेब?"

"कुटला सायेब?" सावळाराम म्हणाला. त्यानं चपलांत पाय सरकवले आणि दुखऱ्या पायावर जरा ताठ उभा राहिला. "माजा ल्योक वाजवनार हाय. हात कच्चा हाय त्याचा. पन लपवत न्हाई."

आठ वर्षांपूर्वीचं तेच वाक्य, थोडं लांब झालेलं. या वेळी मुरारीची मान खाली गेली नाही.

बुधवारी संध्याकाळी मास्तरनं खोकं उघडलं. गव्हाळ गिटार मांडीवर घेऊन तारा दाबून पाहिल्या, मानेवरून बोट फिरवलं, आणि चष्म्यावरनं मुरारीकडे बघितलं.

"कुणी निवडली?"

"वडलांनी."

"ते वाजवतात?"

"न्हाई. बैल पारखतात."

मग स्टोव्हकडे न जाता मास्तरनं पायानं स्टूल पुढं ओढलं.

"बस. पहिला धडा. सावकाश."

मुरारी बसला. गिटार मांडीवर घेतली आणि खांदा खाली सोडला. त्याचा डावा हात तारांवर येऊन थांबला होता, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदाच तो अगदी शांत होता.